जास्तीच्या तीन कोंबड्या

"अहो, आपल्या कोंबड्या किती?"

प्रमिलानं मागच्या दारातून विचारलं तेव्हा माझं डोकं कूलरच्या टाकीत होतं. पंप जळला होता आणि मी त्याच्याशी झटापट करत होतो.

"अकरा," मी टाकीतूनच म्हणालो. आवाज असा घुमला की मीच दचकलो.

"मग ह्या चौदा कशा?"

"कोंबडा कामाचा हाये म्हणून."

"मस्करी नका करू. बाहेर या."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. डोकं बाहेर काढलं आणि मागच्या अंगणात, सांदवाडीत गेलो. वणीतला मे महिना. अकरा वाजले नव्हते तरी भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. पारा चार दिवस शेहेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. आमच्या कोंबड्या कडुलिंबाच्या झाडाखाली पंख सोडून, चोची उघड्या टाकून धापा टाकत बसल्या होत्या. त्यांच्यापासून दोन हात लांब, भिंतीच्या कडेला, आणखी तीन. लग्नात कोणी ओळखीचं नसलेल्या पाहुण्यांसारख्या, एकमेकींना चिकटून.

तिघी तांबूस, अंगानं भरलेल्या. डोक्यावर कुंकू फासलेलं, उजव्या पायात काळा दोरा. आणि भिंतीच्या आतल्या बाजूला कापलेलं लिंबू.

"उतारा हाये हा," प्रमिला दबक्या आवाजात म्हणाली. "कोणाच्या घरची पीडा उतरवून आपल्या घरात टाकली कोणीतरी. आन् आत पोरगी..."

आत कूलरसमोर ओला पंचा डोक्यावर घेऊन दुर्गी झोपली होती. आमची एकुलती एक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला, पाय सुजलेले.

"तिले सांगू नको," मी म्हटलं.

"मी सांगीन का? तुम्हीच हसत सुटान गावभर."

ती खोटं बोलत नव्हती. गावात माझं नावच तसं होतं. लोक चौकात उतारा ठेवून गेले की त्यातला नारळ फोडून खाणारा वणीत एकच माणूस, मोरेश्वर आस्वले, कूलर मिस्त्री. एका मुख्याध्यापकांना मी एकदा सांगितलं होतं की टाकीत पाण्याऐवजी ताक टाकलं तर कूलर दुप्पट थंड मारतो. चार दिवस टाकलं त्यांनी. पाचव्या दिवशी त्यांच्या घरात माणसं कमी आणि माश्या जास्त होत्या. असे उद्योग. म्हणजे माझ्यावर डाव उलटवायची इच्छा असलेली पन्नास माणसं तरी गावात होती, आणि मला वाटलं, त्यातल्याच कोणाचं तरी हे काम. मी खूशच झालो. डाव चांगला होता. वर तीन कोंबड्या फुकट.

दोरे तोडले, तिघींची डोकी पाण्यानं धुतली आणि त्यांची नावं ठेवली. सासू, नणंद आणि जाऊ.

"एक दिवस तुमच्या ह्या हसण्यानं घात होईन," प्रमिला म्हणाली. "सोडून द्या त्यायले. माही आई सांगे, उतारा आपल्या पायानं परत गेला तर ज्याची पीडा त्याच्याच घरी जाते."

"जाऊ द्या म्हणता वहिनी?" मागून आवाज आला. "असं चुकूनही करू नका."

शालिक पिंपळशेंडे. माझा तीस वर्षांचा दोस्त. जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचा, त्यामुळे उन्हाळाभर रिकामा. सकाळपासून माझ्या दुकानात नाहीतर घरात. ताकाच्या भानगडीतही तोच माझा जोडीदार होता. मी थाप मारायची आणि त्यानं गंभीर तोंड करून मान डोलवायची, "हो सर, आमच्या घरी तसंच करतो." थाप माझी, पण ती खरी वाटायची त्याच्या तोंडामुळे. तसला भोळा, सरळ चेहरा मी दुसरा पाहिला नाही. चौकातला नारळ मात्र तो कधी खायचा नाही. "उपास हाये माहा," म्हणायचा. आठवड्यातून चार चार उपास.

"काहून भाऊजी?" प्रमिलानं विचारलं.

"सोडलेला उतारा फिरून पुन्हा त्याच दारी येते, आन् दुप्पट होऊन येते. बांधून ठेवा. बाळंतपण होऊ द्या सुखरूप, मग पाहू."

"तू कवापासून कोंबड्यातला डॉक्टर झाला बे?" मी म्हटलं.

"नवीन कोंबडी दहा दिवस बांधाच लागते, हे तर तुलेही माहीत हाये. नाही तर पळते."

ते खरंच होतं. नवीन कोंबडी आणली की तिच्या पायाला दोरी बांधून ठेवायची. ह्या घराची, इथल्या दाण्याची सवय झाली की मग सोडायची. नाही तर दिवस मावळताना ती गुमान चालत जुन्या घराकडे निघते. शालिकनं स्वतः खिशातून सुतळी काढली, तीन तुकडे केले आणि लिंबाच्या बुंध्याला तिघींना बांधलं. गाठी दोनदा ओढून पाहिल्या. मग आत डोकावला.

"दुर्गे, बरी हायेस न माय?"

"हो काका. गरमीनं जीव चालला फक्त."

"जपून राय."

दुर्गीला ह्यानं तीन वर्षं सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं. मला सकाळी दुकान असायचं म्हणून. तिच्या लग्नात माझ्यापेक्षा तोच जास्त रडला होता.

त्या आठवड्यात मी कूलर कमी आणि कोंबड्या जास्त सांभाळल्या. खुराड्यावर गोणपाटं टाकली आणि तासातासाला त्यांवर पाणी मारलं. मातीच्या गाडग्यात गुळाचं पाणी, दुपारी बारीक चिरलेला कांदा. एक जुना कूलर होता, पत्रा सडलेला, पण पंखा चालू. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या भरल्या आणि खुराड्यासमोर लावून दिला. अख्खी गल्ली पाहायला आली.

"मोरूभाऊ, आमच्या घरी पंखा नाही आन् तुमच्या कोंबड्यायले कूलर?" शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या.

"तुम्ही अंडी द्या, तुम्हालाही लावून देतो."

हसून हसून त्यांच्या डोक्यावरचा पदर घसरला. प्रमिला मात्र हसली नाही. ह्या कोंबड्यांच्या अंड्यांवरच दुर्गीचं बाळंतपण काढायचं, असं तिचं गणित होतं, आणि मे महिन्यात अंडी आधीच आटलेली. नव्या तिघींची अंडी ती दुर्गीला द्यायची नाही. त्यांचं आम्लेट मी खायचो, एकटा, तिच्यासमोर, मिटक्या मारत.

शालिक रोज यायचा. आला की आधी सांदवाडीत जाऊन दोऱ्या पाहायचा, मग दुर्गीची चौकशी. "आज कशी हाये? झोप लागली का? पोटात हालते न?" इतकं तर तिचा नवरा फोनवर विचारत नव्हता. "बरी हाये" म्हटलं की तो "बरं, बरं" म्हणायचा आणि सांदवाडीकडं पाहायचा. एकदा मी म्हटलं, "काल डॉक्टरनं पाहिलं, एकदम ठणठणीत हाये." तेव्हा त्याचं तोंड बस चुकलेल्या माणसासारखं झालं. मला वाटलं, ऊन लागलंय ह्याला. मी त्याला गुळाचं पाणी पाजलं. कोंबड्यांसाठी केलेलंच. त्यानं गुमान पिलं. मग सांगितलं, तेव्हाही तो हसला नाही.

आठव्या दिवशी दुपारी लाइट गेली ती चार तास. कोंबड्यांचा कूलर बंद. मी दुकानात होतो. घरी आलो तर आमच्या दोन कोंबड्या गोणपाटाखाली आडव्या झालेल्या, पाय ताठ. प्रमिला त्यांच्यासमोर उकिडवी बसलेली.

"आपल्या दोन गेल्या," ती म्हणाली. "आन् ह्या तिघी पाहा. टुणटुणीत."

"झाडाखाली होत्या न त्या. सावलीत."

"दोन झाल्या. आता तिसरी कोण?"

हे तिनं कोंबडीबद्दल विचारलं नव्हतं. नजर घराकडे होती. मी बावीस वर्षांत तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, आवाज न करता, पदर तोंडात कोंबून, आत पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

तेव्हा मी ठरवलं, डाव पुरे झाला. ज्या कोणा दीडशहाण्यानं हे केलं त्याला शोधायचं, त्याच्या दारात जायचं, त्याच्या बायकोच्या हातचा चहा प्यायचा आणि चार शिव्या घालून यायचं. प्रमिलाची भीती तिथंच संपली असती. शोधायचं कसं, ते तर शेंबडं पोरही सांगेल. कोंबडी सोडायची आणि मागं चालायचं.

दिवस कलला. ऊन पिवळं झालं. तिघींतल्या मोठीची, म्हणजे सासूची, सुतळी मी कापली आणि तिला फाटकाबाहेर ठेवली. ती क्षणभर थांबली, मान तिरकी करून गल्ली पाहिली आणि निघाली.

मी मागं. हात पाठीशी बांधून, पोलिसासारखा.

"मोरूभाऊ, कुठं निघाली स्वारी?"

"सासूबाईंले माहेरी सोडून राहिलो."

"चालत? रिक्षा तरी करा न त्यायच्यासाठी!"

पानटपरीवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "अखेर कोंबडीच्या मागं लागला आस्वल्या, माणसं संपली गावातली." मी सगळ्यांना हात दाखवत चाललो होतो. इतकी मजा मला वर्षात आली नव्हती. कोंबडी पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. मी म्हटलं, गिरणीवाला भोयर असणार, त्याला मी दळणाऐवजी चुन्याचं पोतं पाठवलं होतं. ती गिरणी सोडून पुढं गेली. नाल्यावरच्या फरशीवरून पलीकडं उतरली. तिथं तीनच घरं. पहिलं एका मास्तरीणबाईचं. ते तिनं सोडलं. दुसऱ्याला कुलूप होतं.

तिसरं शालिकचं.

मी हसत होतो अजून. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, गुरूलाच डाव शिकवला. इतके दिवस सरळ तोंड करून माझ्याच घरात बसला, माझ्याच लिंबाला दोऱ्या बांधल्या, आणि मला पत्ता नाही! मी टाळी द्यायला हात वर केला होता, खरंच.

कोंबडी त्याच्या फाटकाच्या फटीत घुसणार, तेवढ्यात आतून शालिक धावत आला. अनवाणी. हातात खराटा. त्यानं खराटा असा हाणला की कोंबडी ओरडत चार हात उडाली. मग त्यानं फाटकाची फट पायानं दाबून धरली आणि वर पाहिलं. मी दिसलो.

त्याच्या मागं ओसरीवर त्याची सून उभी होती, अर्चना. संक्रांतीपासून माहेरी गेलीय, असं त्यानं मला सांगितलं होतं. तिचं पोट दुर्गीएवढंच होतं. ती कोंबडीकडं पाहत होती, आणि दोन्ही हातांनी पोट असं धरून होती, जसं कोणी हिसकावून नेणार आहे.

तिचं दोनदा पोट पडलं होतं, हे मला माहीत होतं. तिसऱ्यांदा राहिलंय, हे माहीत नव्हतं.

"तू आत जाय बाई," शालिक तिला म्हणाला. ती गेली नाही.

"कोंबड्या तुह्या?" मी विचारलं.

"सुनेच्या. माहेरून आणल्या होत्या."

"आन् माह्याच घरी टाकल्या?"

"हळू बोल मोऱ्या."

"माह्याच घरी काहून, शाल्या?"

त्यानं खराटा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "एका बाबानं सांगतलं. हिच्या पोटावरून उतरवा आन् ज्या घरी पोटुशी बाई हाये त्या घरी सोडा. दुसरीकडं सोडून जमत नाही म्हणे. तिच्याकडं गेलं की हिचं टिकते. आता तूच सांग, आपल्या वस्तीत दुसरं कोणतं घर होतं?"

"माहं होतं न."

"तू तर मानतच नाहीस न बे! नारळ खाते तू चौकातले. तुले आजवर काही झालं? जो मानत नाही त्याले लागत नाही, मी हाच विचार केला, तुह्या गळ्याची शपथ. दुसऱ्या कोणाच्या घरी टाकलं असतं तर त्यायचं वाईट झालं असतं."

"मी मानत नाही," मी म्हटलं. "तू तर मानतोस न?"

त्यानं मान वर केली. तोच तो भोळा, सरळ चेहरा. मुख्याध्यापकांसमोर मान डोलवणारा.

"रोज येऊन इचारत होतास तू," मी म्हटलं. "दुर्गी कशी हाये म्हणून."

कोंबडी पुन्हा फाटकाकडं यायला लागली होती. घर दिसत होतं तिला. शालिकनं पाहिलं आणि त्याचा सगळा धीर सुटला. त्यानं फाटकावरून हात जोडले.

"घेऊन जाय तिले, मोऱ्या. पाया पडतो तुह्या. आत येऊ देऊ नको. परत घेऊन जाय."

"कुठं नेऊ?"

"घरी ने. तुह्या घरी."

मी नुसता बाजूला झालो असतो तरी काम झालं असतं. कोंबडी आपोआप आत गेली असती, आपल्या पायानं. त्या घरात त्या रात्री कोणी जेवलं नसतं, आणि महिनाभर कोणाचा डोळा लागला नसता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव झाला असता तो. ओसरीवरच्या पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

मी कोंबडी उचलली. काखेत घेतली आणि फरशीवरून परत आलो. गिरणीपाशी कोणीतरी ओरडलं, "काय झालं हो, सासूबाई परत आणल्या?"

"माहेरच्यांनी घेतल्या नाही," मी म्हटलं, आणि सगळे हसले.

प्रमिला दारातच उभी होती. "कोणाची निघाली?"

"कोणाचीच नाही. नाल्यात फिरत बसली. हिले घरच नाही."

चौदा वर्षं झाली. तिला मी अजूनही हेच सांगितलेलं आहे.

पुढं चार दिवसांनी भर दुपारी दुर्गीचं बीपी वाढलं. गाडी करून तिला घाईघाईनं यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. गल्लीनं पाहिलं ते एवढंच, की आम्ही पोरीला हातावर उचलून गाडीत टाकलं आणि प्रमिला रडत होती. कोंबड्या सिंधूताईंवर सोपवल्या. दहा दिवस घराला आणि दुकानाला कुलूप, आणि गल्लीत कोणाला फोन करायचंही सुचलं नाही. त्या दहा दिवसांत मी देवाला हात जोडले नाहीत, पण एका रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या तीन कोंबड्यांचा विचार केला, हे कबूल करतो. न मानणाऱ्यालाही तो विचार आला. शालिकनं माझ्या घरात टाकलं होतं ते हेच.

मुलगी झाली दुर्गीला. सव्वा तीन किलोची. अकराव्या दिवशी संध्याकाळी उशिरा आम्ही परत आलो. गल्लीत कोणाला कळायच्या आत दारं लावून झोपलो, इतके दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीत एक पंप खोलून बसलो होतो. फाटक वाजलं. शालिक. कुलूप निघालेलं पाहून आला असणार. नवा सदरा, कपाळाला बुक्का, हातात पेढ्यांचा पुडा. तो पायरी चढला आणि माझ्याजवळच्या स्टुलावर पुडा ठेवला, हळूच, आवाज न करता.

"नातू झाला मले, मोऱ्या. शनिवारी. दोघंही चांगले हायेत."

"चांगलं झालं."

"तुले सांगावं वाटलं आधी." तो थांबला. आत पाहिलं, पण आत अंधार होता आणि सगळे अजून झोपलेले. "यवतमाळले नेलं म्हणे दुर्गीले. मी ऐकलं. घाईत नेलं म्हणे. मग... तिचं काय झालं?"

असलं खोटं माझ्या तोंडातून निघणार नव्हतं. मी फक्त पंप खाली ठेवला आणि मान खाली घातली. बस्स, एवढंच केलं. आयुष्यभर थापा मारल्या, पण न बोलता मारलेली ती एकच.

मग मी वर पाहिलं. मला पाहायचंच होतं.

त्याच्या तोंडावर आधी सुटका आली. घामाघूम माणसाला वारा लागावा तशी, गालापासून मानेपर्यंत. ती त्यानं लपवली, पण लपवायला त्याला क्षणभर वेळ लागला. मग त्यानं तोंड पाडलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"देवाची मर्जी," तो म्हणाला. "धीर धर."

आत नात रडली.

बारीक आवाज, पण दणदणीत. खांद्यावरचा त्याचा हात तसाच होता. त्यातून काय गेलं ते मला सदऱ्यातून कळलं. आत प्रमिलाची धावपळ ऐकू आली, "आले आले, माही बाय," आणि मग तीच बाहेर आली, केस विस्कटलेले, कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं ते लालभडक तोंड. शालिकला पाहून तिचा चेहरा फुलला.

"अगोबाई, भाऊजी! बरे आले. पाहा न, कोण आलं ते! दुर्गीवरच गेली. तुम्हीच पहिले. धरा."

तिनं पोरीला पुढं केलं. शालिकनं दोन्ही हात पाठीमागं नेले. तो मागं सरकला, एक पाऊल, मग दुसरं, पायरीच्या काठापर्यंत. नजर पोरीवरून हलत नव्हती. प्रमिला हात लांब करून हसत पुढं पुढं येत होती.

"घ्या न भाऊजी, घाबरता काय? काही करत नाही ती."